रॉटवायलरची जोडी घेऊन धंदा करायचाय? आधी कागद बघा, मग कुत्रा



मागच्या संकष्टीला दुकानात उभं राहायला जागा नव्हती. राजूरला चतुर्थी म्हणजे काय असतं ते आपल्याकडच्यांना सांगायला नको. त्या गर्दीत एक मुलगा तासभर काउंटरच्या कडेला थांबला. गर्दी कमी झाली तेव्हा पुढे आला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "दादा, तुमचे सगळे व्हिडिओ बघतो. एवढं एकदा तपासून द्या."

मोबाइलमध्ये हिशेब होता. रॉटवायलरची नर-मादी जोडी, किंमत १ लाख ४० हजार. वर्षातून दोन वेत, एका वेताला ८ पिल्लं, एका पिल्लाला १५ हजार. म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. खाली लिहिलेलं, "पहिल्या वर्षातच भांडवल वसूल."

मी विचारलं, १ लाख ४० हजार आणणार कुठून? तो म्हणाला, "आई पोत मोडायला तयार आहे."

म्हणून हा लेख. व्हिडिओत वीस मिनिटांत एवढं बसत नाही, आणि तारखा, कलमं, आकडे बोलून लक्षात राहत नाहीत. ज्यांना ब्रीडिंग, पेट शॉप, डॉग फूड यांपैकी काहीही करायचंय त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी वाचला तरी चालेल, कारण "सरकारनं उद्या माझा माल बंद केला तर?" हा प्रश्न फटाकेवाल्यापासून प्लास्टिक पिशवीवाल्यापर्यंत सगळ्यांना लागू आहे.

आधी माझी फजिती

माझं दुकान पशुखाद्याचं. सरकी पेंड, मका भरडा, मिनरल मिक्श्चर. कुत्र्यांचं खाद्य ठेवायला लागलो ते कोविडनंतर, कारण शेतवस्तीवर मोठी कुत्री पाळायचं वेड आपल्याकडेही आलं. हळूहळू गिऱ्हाइकं विचारायला लागली, "दादा, खाद्य देता, मग पिल्लूही मागवून द्या ना."

२०२४ च्या फेब्रुवारीत चार जणांकडून ५-५ हजार अ‍ॅडव्हान्स घेतला. त्यात माझे २० हजार टाकले आणि शहरातल्या एका ब्रीडरला ४० हजार पाठवले. चार पिल्लं रॉटवायलरची. माझा फायदा पिल्लामागे ३ हजार. कागद काय? व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठ्याची खूण. बस्स.

१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाचं पत्र निघालं. सगळ्या राज्यांच्या मुख्य सचिवांना. २३ जातींची कुत्री माणसाच्या जिवाला धोकादायक आहेत, त्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद करा, लायसन्स-परवाने देऊ नका, आणि ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांच्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण करा. यादीत रॉटवायलर होतं.

दोन दिवसांत ती यादी आपल्या सगळ्या ग्रुपवर फिरली. माझ्या चौघांपैकी तिघांचे फोन आले, चौथा थेट दुकानात आला. ब्रीडर म्हणाला, "पिल्लं तयार आहेत, घेऊन जा. पैसे परत मिळणार नाहीत." गिऱ्हाईक गावातलं, रोज तोंड दिसणार. चौघांचे २० हजार मी गल्ल्यातून परत केले. माझे २० हजार गेले ते गेलेच.

पुढची गंमत ऐका. एप्रिलमध्ये कोर्टाने ते पत्र रद्द केलं. मी ब्रीडरला फोन केला तर पठ्ठ्या म्हणतो, "ती पिल्लं गेली. आता नवीन वेत, भाव वाढलाय." म्हणजे बंदी आली तेव्हा तोटा माझा, बंदी उठली तेव्हा फायदा त्याचा. बीबीएला बिझनेस लॉचा अख्खा पेपर दिलाय मी. पास होण्यापुरता वाचला होता, दुसरं काय.

त्या पत्राचं नेमकं काय झालं

इथे बहुतेक लोक गोंधळतात. कोणी म्हणतं "बंदी आहे", कोणी म्हणतं "उठली". म्हणून थोडं थांबून समजून घ्या.

सुरुवात दिल्ली हायकोर्टातून झाली. धोकादायक कुत्र्यांवर बंदी घाला अशी मागणी तिथे गेली होती. डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टाने सरकारला सांगितलं, तीन महिन्यांत यावर निर्णय घ्या. सरकारने समिती नेमली आणि तीन महिने संपता संपता हे पत्र काढलं.

यादीत कोण होतं? पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो, केन कोर्सो, अमेरिकन बुलडॉग, बोअरबोल, फिला ब्राझिलेरो, कांगल, अकबाश, कॉकेशियन शेफर्ड, सेंट्रल एशियन शेफर्ड, रोडेशियन रिजबॅक, वुल्फ डॉग आणि असे बाकीचे. त्यात "टेरियर्स" आणि "मॅस्टिफ्स" असे नुसते गटही होते. आता टेरियर म्हणजे एक जात नाही. मांडीवर बसणारं यॉर्कशायर टेरियरही टेरियरच की! जपानचं तोसा तर यादीत दोनदा आलं होतं. दुकानातली स्टॉकची यादी मी अशी केली असती तर बायकोनेच हातातून काढून घेतली असती.

मग वेगवेगळ्या हायकोर्टांत याचिका गेल्या. कर्नाटक हायकोर्टाने १० एप्रिल २०२४ ला पत्र रद्द केलं. मुद्दा असा होता की ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना आणि या विषयातल्या संस्थांना विचारलंच नाही, आणि कायद्यात जी पद्धत आहे ती पाळली नाही. पण त्याच निकालात कोर्टाने मालकाच्या जबाबदारीवरही बोट ठेवलं, कुत्रा चावला तर उपचाराचा खर्च आणि भरपाई मालकाची. १६ एप्रिलला दिल्ली हायकोर्टानेही ते पत्र बाजूला केलं आणि सांगितलं, आधी मसुदा काढा, वर्तमानपत्रात जाहीर करा, लोकांच्या हरकती-सूचना घ्या, मग ठरवा. त्यानंतर केंद्राने सूचना मागवल्याही.

आता धंदेवाल्याने यातून काय घ्यायचं? कोर्टाने "ही कुत्री सुरक्षित आहेत, विका बिनधास्त" असं कुठेही म्हटलं नाही. पद्धत चुकली एवढंच म्हटलं. पद्धत दुरुस्त करून तीच यादी, किंवा लहान यादी, परत येऊ शकते. ज्या मालाचं भवितव्य असं टांगलेलं आहे तो माल आईची पोत मोडून घ्यायचा की नाही, हा खरा प्रश्न आहे.

बंदी वरूनच येते असं नाही

आपल्याला वाटतं कायदा दिल्लीत होतो. कुत्र्यांच्या बाबतीत उलट आहे. बहुतेक बंद्या खालून आल्या, महापालिकेतून.

२०२२ च्या जुलैत लखनौमध्ये घरच्याच पिटबुलने एका वृद्ध महिलेचा जीव घेतला. देशभर बातमी झाली. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कानपूर आणि गाझियाबादच्या पालिकांनी निर्णय घेतले. गाझियाबादने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो या तीन जातींची नवी नोंदणी बंद केली, असलेल्या कुत्र्यांना निर्बीजीकरणाची मुदत दिली, आणि एका कुटुंबाला एकच कुत्रा असंही ठरवलं. चंदीगडने २०२५ च्या उपविधीत सहा जातींवर बंदी घातली, त्यातही रॉटवायलर आहे.

आपल्या शेजारचं बघा. गोव्यात हणजूणला ऑगस्ट २०२४ मध्ये पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांचं लेकरू गेलं. लगेच बंदीची भाषा सुरू झाली, आणि २०२५ मध्ये गोवा विधानसभेने विधेयक मंजूर केलं, ज्यात हिंस्र जाती जाहीर करायचा अधिकार सरकारला मिळतो. म्हणजे एक वाईट घटना घडली की वर्षभरात बाजार बदलतो. ती घटना तुमच्या गावात घडायची गरज नाही. तुमच्या कुत्र्याने काही करायचीही गरज नाही.

परदेशात तर याहून फास्ट. ब्रिटनमध्ये धोकादायक कुत्र्यांचा कायदा १९९१ पासून आहे. एक्सएल बुली नावाची जात तिथे जोरात चालली होती. १५ सप्टेंबर २०२३ ला पंतप्रधान सुनक यांनी बंदी जाहीर केली, ३१ डिसेंबर २०२३ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये विक्री आणि पैदास बंद. साडेतीन महिने! १ फेब्रुवारी २०२४ पासून तर सूट-प्रमाणपत्राशिवाय ते कुत्रं घरात ठेवणंही गुन्हा. ज्याच्या मादीला तेव्हा पिल्लं होणार होती त्याचं काय झालं असेल, विचार करा. उलटंही घडतं. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी आणली आणि २००८ मध्ये उठवली, कारण चावे काही कमी झाले नाहीत. पण पंधरा वर्षं थांबायला कोणत्या दुकानदाराकडे भांडवल असतं?

मला विचाराल तर, जातीवर बंदी घालून प्रश्न सुटतो असं मला वाटत नाही. आमच्या वस्तीवरचं साधं गावठी कुत्रंही दिवसभर साखळीला बांधून, काठीने मारून वाढवलं की पिसाळल्यासारखं वागतं. पण ज्याच्या घरातलं लेकरू गेलं त्याच्यापुढे उभं राहून मला हे वाक्य बोलता येणार नाही. आणि धंदा करताना माझ्या मताला किंमत नाही, गावाच्या भीतीला आहे. अंगारकीच्या रात्री जालन्याहून माणसं पायी चालत येतात, बाया-लेकरं असतात, अंधार असतो. त्या रस्त्याच्या कडेला तुमच्या शेडमधून पन्नास किलोचं कुत्रं सुटलं तर ग्रामपंचायतीत दुसऱ्या दिवशी काय ठराव होईल, सांगायला पाहिजे का?

आता त्या मुलाचा हिशेब

हा भाग वही घेऊन वाचा.

भारतात कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० खाली केलेले. पेट शॉपसाठी वेगळे नियम २०१८ चे. वरचं २०२४ चं पत्र रद्द झालं, हे नियम रद्द झालेले नाहीत. गल्लीतल्या ब्रीडरला विचारा, दहातल्या नऊ जणांनी नावही ऐकलेलं नसेल. मीही ऐकलं नव्हतं.

या नियमांत ब्रीडर कोण? फक्त कुत्री पाळून विकणारा नाही. मधला माणूस, व्यापारी, कुत्री सांभाळायला ठेवणारा, सगळे त्यात येतात. म्हणजे ४० हजार पाठवून पिल्लामागे ३ हजार खाणारा मीसुद्धा ब्रीडर होतो, आणि तोही नोंदणी नसलेला. हे कळलं त्या रात्री मी जेवलो नाही नीट.

नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे करायची. ब्रीडरची फी ५ हजार, मुदत २ वर्षं, मग नूतनीकरण. नोंदणीशिवाय पैदास नाही, विक्री नाही. आता मादीबद्दल काय लिहिलंय ते त्या मुलाच्या हिशेबाशेजारी ठेवा.

मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय वेतासाठी वापरायची नाही. बारा महिन्यांत एकच वेत. आयुष्यात जास्तीत जास्त पाच वेत. आठ वर्षांनंतर बंद. पिल्लू ८ आठवड्यांचं झाल्याशिवाय विकायचं नाही.

त्याच्या हिशेबात वर्षाला दोन वेत होते. ते एका ओळीत निम्मे झाले.

पुढे. तो २ महिन्यांची जोडी घेणार. १८ महिन्यांची व्हायला १६ महिने थांबायचं. गाभण राहिल्यावर साधारण ६३ दिवस, म्हणजे २ महिने. पिल्लं ८ आठवडे सांभाळायची, आणखी २ महिने. पहिला रुपया हातात यायला २० महिने लागणार. मादी १८ महिन्यांच्या वेळीच माजावर येईल असं धरलंय, ते तिच्या हातात आहे, आपल्या नाही.

खाण्याचा खर्च. मोठ्या जातीचं कुत्रं, माझ्या दुकानातल्या खाद्याने दिवसाला १५० रुपये धरा. दोघांचे ३००. महिन्याला ९ हजार. २० महिन्यांचे १ लाख ८० हजार. त्यात जोडीचे १ लाख ४० हजार. पहिलं पिल्लू विकायच्या आधी ३ लाख २० हजार गेलेले. आणि पहिल्या वेतात आठही पिल्लं जगली, आठही १५ हजारांना गेली तर आले १ लाख २० हजार.

इथे तो मुलगा म्हणाला, "दादा, पुढच्या वर्षी वसूल होतील." ठीक आहे, पुढचंही बघू. दर वर्षी येणार १ लाख २० हजार, जाणार १ लाख ८ हजार. उरले १२ हजार. त्यातून पिल्लांची लस, जंताचं औषध, डॉक्टर, शेडचं लाइटबिल.

पाचही वेत पूर्ण केले तर? २० महिने अधिक चार वर्षं, ६८ महिने. एकूण आवक ६ लाख. खाद्य ६ लाख १२ हजार, जोडी १ लाख ४० हजार, मिळून ७ लाख ५२ हजार. साडेपाच वर्षं राबून १ लाख ५२ हजारांचा तोटा.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "घरचं खायला घालीन. भाकरी, दूध, अंडी." बरं, तसंही करू. कुत्र्यामागे ८० रुपये धरू. ६८ महिन्यांचे ३ लाख २६ हजार ४००. जोडी धरून ४ लाख ६६ हजार ४००. नफा १ लाख ३३ हजार ६००. महिन्याला भागा, २ हजारसुद्धा होत नाहीत. एवढ्यासाठी आईची पोत?

आणि या सगळ्या हिशेबात मी धरलंय की ६८ महिन्यांत एकदाही बंदी येणार नाही. ब्रिटनमध्ये साडेतीन महिन्यांत खेळ संपला. इथे नुसतं पत्र निघालं तर माझं दुकान एका आठवड्यात हाललं.

अजून एक खाच. पिल्लं विकली गेली नाहीत आणि सहा महिन्यांच्या वर गेली, तर निर्बीजीकरण केल्याशिवाय ती विकता येत नाहीत, फक्त नोंदणी असलेल्या ब्रीडरला देता येतात. बाजार पडला की पिल्लं नेमकी तेव्हाच मोठी होतात. सरकी पेंड पडून राहिली तर वजन तेवढंच राहतं. पिल्लू पडून राहिलं तर रोज खातं.

आणि आठवडी बाजारात पिल्लं घेऊन बसू म्हणत असाल, तर तेही नाही. विक्रीसाठी कुत्रं सार्वजनिक जागी मांडायला या नियमांत मनाई आहे. घेणाऱ्याची नोंद ठेवायची, कुत्र्याला मायक्रोचिप लावायची, लसीकरणाचं कार्ड द्यायचं.

विकणाऱ्याचे तीन डायलॉग

"केसीआय पेपर आहेत भाऊ." केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद म्हणजे कुत्र्याची वंशावळ. आई कोण, बाप कोण. विक्रीचं लायसन्स ते नव्हे. एखाद्याकडे जातीचा दाखला आहे म्हणून त्याला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं असं होतं का?

"इम्पोर्ट लाइन आहे." पैदाशीसाठी आणि धंद्यासाठी कुत्री आयात करणं केंद्राने एप्रिल २०१६ मध्ये बंद केलं होतं. बाप खरंच परदेशातून आला असेल तर कधी आला, कशासाठी आला, कागद दाखवा म्हणा. निम्मे तिथेच फोन ठेवतात.

"कोर्टाने बंदी उठवली, आता टेन्शन नाही." यावर वर लिहिलंच आहे.

चावल्यावर बिल कोणाचं

पिल्लू विकून आपली सुटका झाली असं समजू नका. तुमच्या शेडमध्ये नर-मादी कायम आहेतच, आणि मालक तुम्हीच आहात.

मुंबईतला एक निकाल लक्षात ठेवा. २०१० मध्ये नेपियन सी रोडवर दोघांचा गाडीजवळ वाद चालला होता, गाडीत रॉटवायलर होतं. दार उघडलं गेलं आणि कुत्रं ७२ वर्षांच्या माणसाला चावलं. जानेवारी २०२३ मध्ये मॅजिस्ट्रेट कोर्टाने मालकाला ३ महिन्यांची कैद सुनावली. तेरा वर्षं केस चालली. तेरा वर्षं वकील, तेरा वर्षं तारखा. त्या काळात त्या जातीवर मुंबईत बंदी होती की नव्हती याचा इथे काहीही संबंध नाही. प्रश्न एवढाच की असं ताकदवान जनावर जवळ असताना तुम्ही काळजी घेतली का.

तेव्हा भारतीय दंड संहितेचं २८९ कलम होतं. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९१. जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुलै २०२५ मध्ये मानखुर्दला रिक्षात बसलेल्या ११ वर्षांच्या मुलावर पिटबुल सोडल्याचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. मालकावर गुन्हा दाखल झाला. तो व्हिडिओ आला त्या आठवड्यात माझ्या दुकानात दोन जण कुत्री "कोणाला पाहिजे का" विचारत आले. फुकट द्यायला तयार होते.

(रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्यांबद्दल ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचे आदेश आले, ते वेगळं प्रकरण आहे. दोन्ही मिसळू नका.)

मग करायचं काय?

कुत्र्यांचा धंदा करूच नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः करतोय. फक्त जिवंत माल ठेवत नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये ती यादी फिरली तेव्हा माझ्याकडे पिल्लाचं गिऱ्हाईक पळालं, पण त्याच आठवड्यात पाच-सहा जण मुसकं मागायला आले. बैलाचं नाही, कुत्र्याचं. माझ्याकडे एकही नव्हतं. जाड पट्टा, छातीचा पट्टा, कडी असलेली मजबूत साखळी, पिंजरा, कुत्र्यापासून सावध राहाची पाटी, हे सगळं नियम कडक झाले की जास्त खपतं. ज्याच्याकडे कुत्रं आहे तो बंदी आली तरी त्याला खायला घालणारच. त्यामुळे खाद्य आणि सामान हा माल बंदीला घाबरत नाही. मुसकी आता मी तीन साइजमध्ये ठेवतो.

ज्याला ब्रीडिंगच करायचंय, त्याने आपल्या जाती बघाव्यात. त्या २३ च्या यादीत सगळी नावं बाहेरची होती, कारवानी किंवा पश्मी त्यात नव्हतं. लातूर जिल्ह्यातलं जानवळ गाव या कुत्र्यांसाठी नावाजलेलं आहे, एकदा जाऊन बघून या. सीमेपलीकडच्या मुधोळ हाउंडला तर सैन्यातही घेतलं, २००५ मध्ये त्याचं पोस्टाचं तिकीटही निघालं. आपल्या उन्हात टिकतात, अंगाने सडपातळ, खाणं कमी. पण नियम तेच. १८ महिने, वर्षाला एक वेत, नोंदणी. आणि ही पळणारी, शिकारी कुत्री आहेत. तारेचं कुंपण आणि मोकळी जागा नसेल तर शेजाऱ्याच्या शेळीवरून भांडण ठरलेलं.

तो मुलगा रात्री साडेनऊला गेला. जाताना म्हणाला, "आईला काय सांगू?" मी म्हटलं, तुझा हिशेब आणि माझा हिशेब, दोन्ही तिच्यापुढे ठेव. ती ठरवेल. अजून त्याचा फोन आलेला नाही.

पैसे देण्याआधी हा अर्ज टाका

स्थानिक नियम कुठे आहे, कुठे नाही, हे मोबाइलवर शोधून कळत नाही. गावात असाल तर ग्रामपंचायत, भोकरदनसारख्या ठिकाणी नगरपरिषद, जालना शहरात महापालिका. एक प्रत पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना. तोंडी विचारू नका. तोंडी उत्तर "करा की, कोण विचारतंय" असंच मिळतं. साध्या कागदावर असं लिहा:

"प्रति, ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामपंचायत राजूर, ता. भोकरदन, जि. जालना.

विषय: श्वान पैदास / विक्री व्यवसायाबाबत माहिती मिळणेबाबत.

महोदय, मी गट नं. ___ मध्ये ___ जातीच्या श्वानांची पैदास व विक्री हा व्यवसाय सुरू करू इच्छितो. त्यासाठी (१) आपल्या हद्दीत श्वान पाळणे, त्यांची संख्या किंवा जात यांबाबत कोणताही ठराव, उपविधी किंवा निर्बंध लागू आहे का, (२) असल्यास त्याची प्रत, (३) या व्यवसायासाठी आपल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो का व त्याची फी, ही माहिती लेखी मिळावी, ही विनंती."

खाली नाव, सही, तारीख, मोबाइल नंबर. दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही तर त्याच तीन प्रश्नांचा माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. विकणाऱ्याकडून त्याच्या ब्रीडर नोंदणीची झेरॉक्स मागायची ती याच महिन्यात, आणि ती हातात पडेपर्यंत एक रुपयाही अ‍ॅडव्हान्स पाठवायचा नाही. पिल्लू दुसऱ्याला जाईल म्हणतो का? जाऊ द्या.